बालविभागाचं कुलूप आधी काढा, टॅबचं नंतर बघू

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी (शासनाच्या श्रेणीनुसार) ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आमचा बालविभाग म्हणजे दोन लोखंडी कपाटं. नोंदीला साडेसहाशे पुस्तकं आहेत, पण बाल सभासद अकरा आणि नेमाने येणारी मुलं दोन-तीन. पुस्तकं फाटतात म्हणून कपाटांना कुलूप असतं. मूल आलं की मी उघडून देते. गावातल्या एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ 40 हजार रुपये दिले आहेत. कार्यकारिणीतल्या काहींचं म्हणणं, टीव्ही आणि दोन टॅब घेऊन ‘डिजिटल कोपरा’ करावा, आजची मुलं पुस्तकाला हात लावत नाहीत. मला पुस्तकं घ्यावीशी वाटतात. पण कुठली घेऊ, किती घेऊ आणि ती टिकणार कशी?

उत्तर : ताई, मुलं पुस्तकाला हात लावत नाहीत, हा निष्कर्ष कुलूप लावलेल्या कपाटावरून कसा काढणार? सहा वर्षांचं मूल टेबलापाशी येऊन अमुक पुस्तक द्या म्हणत नाही. त्याला पुस्तकाचं नाव माहीत नसतं, लेखकाचं तर नसतंच. ते बघतं, ओढून काढतं, दोन पानं उलटतं, टाकून देतं, दुसरं उचलतं. या उचलाउचलीतूनच त्याची निवड होते, आणि कुलपाने तीच बंद केली आहे. त्यामुळे खरेदीच्या आधी कुलूप. याला एक पैसा लागत नाही.

नुसतं कुलूप काढून भागणार नाही, हेही खरं. तुमची पुस्तकं कपाटात उभी, पाठ बाहेर करून लावलेली असणार. मोठ्यांच्या कादंबरीला ते ठीक आहे. लहान मुलांची पुस्तकं चोवीस किंवा बत्तीस पानांची, मध्ये पिना मारलेली असतात. त्यांना पाठच नसते. दोन मिलिमीटरच्या त्या कडेवर नाव छापता येत नाही. पन्नास पुस्तकं शेजारी लावली की मुलाला दिसतात पन्नास पांढऱ्या रेघा. लहान मूल मुखपृष्ठ बघून पुस्तक निवडतं, म्हणून मुखपृष्ठ समोर दिसलं पाहिजे.

त्यासाठी सुताराकडून दोन मांडण्या करून घ्या. प्रत्येकी तीन फूट रुंद, तीन फूट उंच, जिन्यासारख्या तीन पायऱ्या. पायरीची खोली अडीच ते तीन इंच, पुढे एक इंचाची पट्टी म्हणजे पुस्तक घसरत नाही, आणि पाठीमागची फळी किंचित मागे कललेली. तीन फुटांत चार पुस्तकं आरामात समोरून दिसतात, म्हणजे एका मांडणीवर बारा. प्रत्येकामागे आणखी दोन-तीन ठेवता येतात. एखादं उचललं गेलं की मागचं पुढे येतं. मांडणी भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा, कोकणातल्या भिंतीची ओल प्लायला लागायला नको. पण वरच्या बाजूला लोखंडी पट्टीने भिंतीला जखडा, कारण मुलं पायरी बघून चढणारच. साध्या प्लायमध्ये दोन्हींचं काम आठ हजारांच्या आसपास व्हावं. तेवढेही सुटत नसतील तर खिडकीखाली सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी पातळ पुस्तकं टांगा. फक्त जाड पुस्तकं चिमट्याला लावू नका, मुखपृष्ठ निघून हातात येतं.

आता त्या साडेसहाशे पुस्तकांचं. एका कोरड्या दिवशी सगळी बाहेर काढून सतरंजीवर मांडा. थोरांच्या छोट्या चरित्रांचे संच असतील, बक्षीस समारंभातून उरलेली बोधकथांची पुस्तकं असतील, कुणीतरी देणगी म्हणून दिलेले जुने गाइड आणि प्रश्नसंचही निघतील. प्रत्येकाचं तारखेचं पत्रक, म्हणजे पुस्तक कधी कधी गेलं ते लिहिलेला आतला कागद, बघा. पाच वर्षांत एकदाही गेलं नसेल, अक्षर बारीक असेल, कागद पिवळा पडून कोपरा दुमडताच तुटत असेल, तर ते पुस्तक बालविभागात जागा अडवून बसलं आहे. निम्मीसुद्धा उरली नाहीत तरी दचकू नका. तीनशे जिवंत पुस्तकं साडेसहाशे मेलेल्या पुस्तकांपेक्षा जास्त फिरतात.

इथे ग्रंथपालांचा हात अडखळतो, कारण वर्ग टिकवायला ग्रंथसंख्या मोजली जाते. म्हणून परस्पर रद्दीत काही घालू नका. बाद करायच्या पुस्तकांची दाखल क्रमांक (नोंदवहीतला पुस्तकाचा अनुक्रमांक), नाव, किंमत आणि कारण यांसह यादी करा, कार्यकारिणीचा ठराव घ्या, निर्लेखनाची, म्हणजे पुस्तकं नोंदीतून कमी करण्याची, सध्याची पद्धत जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातून विचारून घ्या आणि मगच दाखल नोंदवहीत शेरा मारा. नवी पुस्तकं आधी दाखल करून मग जुनी बाद केली की आकडाही फारसा हलत नाही. चांगली पण मोठ्या मुलांची पुस्तकं बाद न करता वाचनालयाच्या सर्वसाधारण विभागात सरकवता येतात.

खरेदीला 24 हजार ठेवा, पण एकदम खर्च करू नका. पहिली खरेदी दहा हजारांची. पातळ चित्रपुस्तकं साधारण 40 ते 100 रुपयांत मिळतात, म्हणजे सव्वाशेच्या आसपास पुस्तकं येतील. चार महिने देवघेव बघा आणि जी सतत बाहेर असतात त्यांच्यासारखी पुढच्या खेपेला आणा. प्रदर्शनात ‘पन्नास पुस्तकांचा संच, निम्म्या किमतीत’ दिसला की कार्यकारिणीचे डोळे चमकतात. त्या संचातली चार पुस्तकं कामाची असतात आणि उरलेली पुढच्या वेळी तुम्हालाच बाद करावी लागतात.

कुठून घ्यायची? नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत मराठी पुस्तकं स्वस्त असतात. प्रथम बुक्सची पुस्तकं चार पातळ्यांत विभागलेली आहेत. पहिल्या पातळीच्या पुस्तकात अडीचशेपेक्षा कमी शब्द, दुसऱ्या पातळीत सहाशेपर्यंत, तिसऱ्या पातळीत पंधराशेपर्यंत आणि चौथ्या पातळीत त्याहून जास्त. ज्योत्स्ना प्रकाशनाकडे मराठीत मूळ लिहिलेली आणि नीट चितारलेली पुस्तकं आहेत. चेन्नईचं तूलिका प्रकाशन मराठी-इंग्रजी अशी दोन्ही भाषा एका पानावर असलेली पुस्तकं काढतं. इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलांच्या आयांना ती लगेच पटतात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाची वर्गणी भरा, शक्य असेल तर दोन प्रतींची, कारण एक प्रत आठवड्यात लोळागोळा होते. शिवाय अगदी लहानांसाठी जाड पुठ्ठ्याची दहा-बारा पुस्तकं घ्या. ती महाग असतात, पण दोन वर्षांचं भावंड ताईबरोबर येतं तेव्हा त्याच्याही हातात काहीतरी द्यावं लागतं.

विकत घेण्याआधी कुठल्याही पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचा. जीभ अडखळली, वाक्य मराठी वाटलं नाही, तर भाषांतर कच्चं आहे. चित्र कितीही देखणं असो, ते पुस्तक ठेवून द्या. मग ओळ कुठे तुटली आहे ते बघा. नुकतंच वाचायला लागलेल्या मुलाला ‘आजीच्या’ एका ओळीत आणि ‘घरी’ दुसऱ्या ओळीत आलं की धागा सुटतो. पहिल्या पातळीला जोडाक्षरं कमी हवीत, अक्षर अठरा पॉइंटच्या खाली नको. शेवटच्या पानावर ‘तात्पर्य’ म्हणून चौकट असेल तर आम्ही ते पुस्तक टाळतो. ही आमची आवड समजा. गोष्टींच्या जोडीला माहितीची पुस्तकंही तितकीच घ्या. किडे, मासे, यंत्रं, जेसीबी यांची चांगली पुस्तकं मराठीत कमी आहेत, आणि गोष्टीच्या पुस्तकाला नाक मुरडणारी बरीच मुलं नेमकी तीच मागतात.

लावताना दशांश वर्गीकरणाचा, म्हणजे विषयाला क्रमांक देऊन पुस्तकं लावण्याचा, आग्रह इथे सोडा. नोंदवहीत आणि संगणकात वर्गांक असू द्या, पण मांडणीवर चार रंगांच्या पट्ट्या पुरतात : फक्त चित्रं किंवा पानाला एखाद-दोन ओळी, छोटी गोष्ट, मोठी गोष्ट, माहिती. पट्टीवर ‘5 ते 7 वर्षे’ असं मात्र लिहू नका. अकरा वर्षांचा एखादा मुलगा अजून अडखळत वाचत असतो. त्याला सोपं पुस्तक हवं असतं, पण मित्रांसमोर तो पाच वर्षांची पाटी लावलेलं पुस्तक उचलणार नाही.

टिकण्याचा प्रश्न बहुतेक वेळा पिनांचा असतो. दमट हवेत पिना गंजतात, गंज कागदात उतरतो, भोकाभोवतीचा कागद कुजल्यासारखा होतो आणि मधलं पान सुटतं. मुलाने पुस्तक फाडलं असं आपण म्हणतो, ते बऱ्याचदा पिनेने फाडलेलं असतं. म्हणून नवं पुस्तक देवघेवीला जाण्याआधीच शिवून घ्या. एकाला पाच मिनिटं लागतात.

पुस्तक मधोमध उघडा. पिनेचे दुमडलेले पाय बोथट सुरीने आतून उभे करा आणि पिना बाहेरच्या बाजूने ओढून काढा. पानं नीट जुळवून घडीच्या रेषेवर दाभणाने तीन भोकं पाडा : एक मधोमध, बाकी दोन वरच्या आणि खालच्या कडेपासून साधारण तीन सेंटिमीटर आत. जुन्या पुस्तकात पिनेच्या भोकाभोवती गंज असेल तर नवं भोक त्यापासून एक सेंटिमीटर सोडून पाडा. जाड सुती दोरा पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट घ्या आणि मेणबत्तीवरून एकदा ओढा, म्हणजे तो घसरत नाही आणि ओलही कमी धरतो. सुई आतून मधल्या भोकात घालून बाहेर काढा, बाहेरून वरच्या भोकात आत या, आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर जा आणि बाहेरून पुन्हा मधल्या भोकात आत या. आता आतला लांब टाका मध्ये येईल आणि दोऱ्याची दोन टोकं त्याच्या दोन बाजूंना. तो टाका मध्ये धरून दोन गाठी मारा, टोकं एक सेंटिमीटर ठेवून कापा. दोरा पाठीला समांतर ओढा. पानांच्या दिशेने ओढलात तर कागद चिरतो. शेवटी बाहेरून दोन इंची कापडी बाइंडिंग टेप लावा.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायचा मोह होतोच. दोनेक उन्हाळ्यांत त्याचा डिंक पाझरून शेजारचं पान चिकटतं, मग टेप सुकून गळतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. त्याऐवजी पांढऱ्या पातळ टिश्यू कागदाची पट्टी आणि थोडं पाणी घातलेला फेव्हिकॉल वापरा, वरून मेणकागद ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवा. घरच्या पिठाची खळ नको, तिला कसर आणि झुरळं येतात. दोरा, दाभण, टेप, टिश्यू, फेव्हिकॉल यांना दीड हजार पुष्कळ झाले.

बंद लोखंडी कपाटात पावसाळ्यात हवा खेळत नाही, म्हणून बुरशीही तिथेच धरते. उघड्या मांडणीवरची रोज हाताळली जाणारी पुस्तकं त्या मानाने कोरडी राहतात. प्लॅस्टिकची कव्हरं घालत असाल तर सैल घाला आणि मे अखेरीस काढून ठेवा, आत ओल कोंडते. डांबराच्या गोळ्या बालविभागातून आजच उचला. लहान मुलं खाऊ समजून त्या तोंडात घालतात, नॅफ्थलीन विषारी असतं, आणि बुरशीवर त्यांचा काही उपयोगही नाही.

सभासदत्वाचा अर्ज एका पानाचा, खाली पालकांची सही. अनामत घेऊ नका, मुलांना दंडही लावू नका. दहा रुपये दंड झालेलं मूल दहा रुपये आणत नाही, ते यायचंच थांबतं आणि पुस्तक त्याच्या घरी राहतं. दोन पुस्तकं पंधरा दिवसांसाठी द्या. हरवलं तर तेच किंवा त्याच तोडीचं दुसरं घ्या आणि नोंद करा. फाटलेलं पुस्तक मुलाने स्वतःहून आणून दाखवलं तर त्याला रागावू नका, तुमच्या शेजारी बसवून शिवायला लावा. कार्यकारिणीला दाखवायला नोंदवहीत ‘दुरुस्ती’ असा वेगळा रकाना काढा : दाखल क्रमांक, किती वेळा गेलं, किती वेळा शिवलं. चाळीस वेळा जाऊन दोनदा शिवलेलं पाऊणशे रुपयांचं पुस्तक दर खेपेला दोन रुपयांनाही पडलेलं नसतं. हा हिशेब सभेत एकदा वाचून दाखवलात की ‘फाटतात’ ही तक्रार आपोआप खाली बसते.

वेळ बदलून घ्या. वाचनालय सकाळी आठ ते अकरा उघडं असेल, तर त्या वेळात मुलं शाळेच्या गडबडीत असतात. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून शनिवारी दुपारी तीन ते पाच बालविभाग उघडा ठेवता आला तर तीच तुमची खरी वेळ. त्यातला अर्धा तास मोठ्याने वाचनाचा. दोन पुस्तकं पुरतात, दोन्ही तुम्ही आदल्या दिवशी एकदा वाचलेली असावीत. पुस्तक छातीशी, पानं मुलांकडे, मजकूर तुम्ही कडेने वाचायचा. पातळ पुस्तक पंधरा मुलांपलीकडे दिसत नाही. जास्त आली तर दोन फेऱ्या करा. गोष्ट संपल्यावर प्रश्न विचारू नका, पुस्तक मांडणीवर समोर ठेवा. ते पाच मिनिटांत जातं, म्हणून वाचलेल्या पुस्तकाच्या दोन प्रती असलेल्या बऱ्या. दोन हजारांत चांगली सतरंजी आणि चार उशा येतात.

जवळच्या जिल्हा परिषद शाळेला शिक्षकांच्या नावाने एक कार्ड द्या : महिन्याला तीस पुस्तकं, झाकणाच्या पेटीत, आत यादी चिकटवलेली. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला शाळेला पुस्तकं लागतातच, त्याच निमित्ताने सुरुवात करा.

आता टीव्ही आणि टॅब. पहिल्या वर्षी नको, एवढं ठामपणे सांगा. टॅब एकाच्या हातात असतो आणि सहा जण मागून ढकलतात. शेजारी मोठं माणूस बसलं नाही तर दहा मिनिटांत गोष्ट संपून भलताच व्हिडिओ सुरू असतो. टॅबचं आयुष्य चार-पाच वर्षं, आणि चार्जर त्याआधीच हरवतो. घरच्या सबस्क्रिप्शनवरचे चित्रपट वाचनालयात लावणं तर त्या सेवांच्या अटींतही बसत नाही. बालचित्रपट दाखवायचेच असतील तर एनएफडीसीशी (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) पत्रव्यवहार करा, बालचित्रपट समितीचं काम 2022 पासून तिकडे गेलं आहे.

डिजिटलला आमचा विरोध नाही, तुमचा कार्यालयीन संगणक मात्र त्याला पुरतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत आणि त्यांचा परवाना मुक्त आहे : लेखक, चित्रकार, प्रकाशकाचं नाव आणि परवान्याचा उल्लेख कायम ठेवला की उतरवून घेऊन छापताही येतात. छापताना पानांची संख्या चारच्या पटीत हवी. पीडीएफच्या छपाईत ‘बुकलेट’ पर्याय निवडला की सोळा पानी गोष्ट चार ए-फोर कागदांवर दोन्ही बाजूंनी बसते, मग वरच्याच पद्धतीने शिवा. बालभारतीने ‘किशोर’चे 1971 पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत, ते आजोबा-आजींनाही ओढून आणतात. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची आणि टाकाऊतून खेळणी करण्याची मराठी पुस्तकं आहेत. एखाद्या मुलाला छापील वाचता येत नसेल, दृष्टी अधू असेल, तर अशा वाचकांसाठीच्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदवून ऐकायची पुस्तकं मिळवता येतात.

दोन हजारांचा एक स्पीकर घ्या. गावातल्या आज्यांकडून त्यांच्या बोलीतल्या गोष्टी, ओव्या, उखाणे फोनवर मुद्रित करा. पंखा बंद ठेवा, फोन तोंडापासून वीतभर लांब, एक फाइल पाच-सात मिनिटांची. प्रत्येकीची लेखी परवानगी घ्या आणि त्या फाइलला पुस्तकासारखाच दाखल क्रमांक द्या, नाहीतर वर्षभरात पेनड्राइव्हमध्ये ‘नवीन 1’, ‘नवीन 2’ एवढंच उरतं.

म्हणजे पुस्तकं 24 हजार, मांडण्या 8, मासिकांची वर्गणी अडीच, सतरंजी-उशा 2, स्पीकर 2, दुरुस्ती दीड : झाले 40. देणगीदारांना आईचं नाव कुठेतरी दिसावंसं वाटणार, आणि ते योग्यच आहे. मांडणीच्या वरच्या पट्टीवर नाव रंगवा आणि या पैशांतून आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर स्मरणार्थ असा शिक्का मारा. टॅबच्या मागे चिकटवलेलं नाव कोण वाचतं?

पुढच्या पैशांसाठी केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या असमान निधी योजनेत (हिच्यात राज्याला बरोबरीचा वाटा घालावा लागत नाही) बालविभागासाठी साहाय्य आहे. अर्ज राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो. त्याला दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब तयार ठेवा, आणि सोबत शनिवारच्या वाचनाची हजेरी व देवघेवीचा महिन्यागणिक तक्ता जोडा. हजेरी आणि तक्ता ठेवायला पहिल्याच शनिवारपासून सुरुवात करा. अर्जाच्या वेळी मागच्या तारखा आठवून भरलेला तक्ता तपासणीत ओळखू येतो.